सतरा नंबरचा पलंग

एल्म हार्बर,
५ जानेवारी

प्रिय ल्युसीलताईस,

धाकट्या अडेलचा गुडघे टेकून नमस्कार. (उठताना आता खुर्ची धरावी लागते, पण टेकले होते, हे खरं.)

तुझे गुडघे कसे आहेत? नवा डॉक्टर जुन्यापेक्षा तरुण आहे आणि म्हणून तुला त्याच्यावर विश्वास नाही, हे तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. म्हणजे तब्येत ठीक आहे. तिकडे ॲरिझोनात तुम्ही नाताळला निवडुंगाला दिवे लावता आणि अर्ध्या बाह्यांत अंगणात बसता, हे मी इथे कुणाला सांगत नाही. लोकांना वाटेल मी बहिणीची निंदा करते आहे. इथे सरोवराच्या काठाने नेहमीसारखा बर्फ आहे. पत्रपेटी डिसेंबरच्या दहा तारखेपासून दिसलेली नाही, पण पोस्टमनला ती कुठे होती ते आठवतं. माझा रक्तदाब उत्तम आहे, भूक उत्तम आहे, जिना न थांबता चढते, आणि स्वभावही वयाबरोबर बराच शांत झाला आहे असं सगळे म्हणतात. (हे सगळं एवढं तपशिलात का, ते विचारू नकोस.) हे पत्र काही मागण्यासाठी नाही, हेही आधीच सांगून ठेवते. मागच्या पत्रात आईचं सुपाचं पातेलं मागितलं होतं, त्याच्या आधीच्या पत्रात लेस. यावेळी काही नको. फक्त हकिगत.

तुला चर्चच्या हॉलमधलं हातमोज्यांचं झाड आठवतं ना? तू इथे होतीस तेव्हा वर्ना लाहतीने नुकतंच सुरू केलं होतं. आता बावीस वर्षं झाली. ज्या मुलांना आपल्या घरी राहता येत नाही आणि काउंटी ज्यांना दुसऱ्या कुटुंबांकडे सांभाळायला देते, त्यांचं प्रत्येकाचं एक कागदी हातमोजा-कार्ड त्या झाडावर लागतं. नाव नाही. फक्त नंबर, वय, कपड्यांची मापं आणि एक मागणं. ज्याला जमेल त्याने कार्ड उचलायचं, वस्तू आणायची, बॅगेत घालून हॉलमध्ये ठेवायची. गुप्तता फार कडक. कुठलं मूल कुणाचं ते कुणाला कळता कामा नये, आणि कुणी काय दिलं तेही. सतरा नंबर म्हणजे मार्लिस आणि केनीकडे राहणारी दहा वर्षांची टेसा, ही गोष्ट फक्त साऱ्या गावाला ठाऊक होती.

या वर्षी वर्नाने कार्डं लिहायचं काम मला दिलं. कार्डं येतात ती पोरांच्या हातची. एकावर जॅम, एकावर कुत्र्याचा पंजा, एक तर मागून-पुढून हिरव्या खडूने रंगवलेलं. अशा त्रेपन्न कार्डांकडे बघून मला आपल्या सिस्टर अन्सेल्माची आठवण झाली. त्या फळ्यावर रेघ आखायच्या आणि म्हणायच्या की वेडंवाकडं अक्षर म्हणजे न विंचरलेले केस. तेव्हा मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून त्रेपन्नच्या त्रेपन्न कार्डं नव्याने लिहून काढली, निळ्या शाईत, तिरप्या कॉन्व्हेंट अक्षरात. वर्नाने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "छापल्यासारखं." वर्नाच्या तोंडून याहून मोठं कौतुक आजवर कुणी ऐकलेलं नाही.

आणि हातात शाई होतीच, म्हणून मी स्पेलिंगं सुधारली. स्पेलिंगं सुधारली तशी थोडी मागणीही सुधारली. (ताई, आत्ताच कपाळाला हात लावू नकोस, पुढे आणखी आहे.) एका पोराने 'कुत्रा' लिहिलं होतं, तिथे मी 'कापडी कुत्रा' केलं. एकीने 'घोडा' लिहिलं होतं, तिथे 'घोड्याचं पुस्तक'. मला वाटलं, जे मिळणारच नाही ते मागून हिरमुसण्यापेक्षा हे बरं. सतरा नंबरने लिहिलं होतं, 'दुमजली पलंग.' वर्नाचा नियम असा की वस्तू बॅगेत मावली पाहिजे. तेव्हा मी सुंदर अक्षरात लिहिलं, 'चादरी, एकेरी पलंगाच्या, दोन जोड.'

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी हॉलमध्ये पेस्टी, त्या मोठ्या खाऱ्या करंज्या, विकायला होत्या. मी बटाटा-सलगमच्या पेस्टींचा ट्रे घेऊन झाडाजवळून जात होते, तर एक पोरगी कार्डं उलटी-पालटी करून बघत होती. लांब हात, आखूड बाह्यांचा कोट, कपाळावर आठी. तिने सतरा नंबर शोधला, वाचला, परत वाचला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हे माझं अक्षर नाही."

मी म्हटलं, "हो गं, सगळी नीट लिहून काढली."

"हे माझं मागणंही नाही."

ट्रे खाली ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी तो धरूनच उभी राहिले. मी तिला समजावलं की पलंग फार मोठा असतो आणि इथला नियम बॅगेचा आहे.

"तुकडे करून आणायचा," ती म्हणाली. "पलंग तुकड्यांचेच असतात. मी पाहिलेत. आणि चादरी कशावर घालू? जमिनीवर?"

मग हळूहळू तिच्याकडून कळलं ते असं. तिची सहा वर्षांची बहीण पर्ल ऐंशी मैलांवर दुसऱ्या कुटुंबाकडे आहे. मार्लिस आणि केनी तिलाही घ्यायला तयार आहेत. पण काउंटीच्या मिस प्रुइट म्हणाल्या की प्रत्येक मुलाला स्वतःचा पलंग हवा. टेसाची खोली एवढी अरुंद की दोन पलंग ठेवले तर दार उघडत नाही. केनीची पाठ ऑक्टोबरात धरली तेव्हापासून तो बर्फ सारायच्या गाडीवर गेलेला नाही, आणि मार्लिस कुणाकडे काही मागणारी बाई नाही. मिस प्रुइट बावीस तारखेला, गुरुवारी सकाळी दहा वाजता खोली बघायला येणार. तेव्हा पलंग असेल तर पर्ल नाताळच्या आधी येईल. नसेल तर पुढची भेट वसंतात.

"खालचा पर्लला," टेसा म्हणाली. "ती झोपेत पडते." आणि मार्लिसने हाक मारली तशी ती गेली. पेस्टी गार झाल्या होत्या. मी ते कार्ड काढून खिशात घालणार होते, पण तेवढ्यात कुणीतरी ते उचलून नेलंसुद्धा, आणि सोमवारी हॉलमध्ये सतरा नंबरच्या नावाने चादरींचे दोन जोड आले. उधळणाऱ्या घोड्यांचे. माझ्या अक्षराला गावात मान आहे, तो असा.

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? वर्नाकडे जाऊन सरळ कबूल करायला हवं होतं. मी ते सोडून बाकी सगळं केलं. आधी गेले आर्विड माकीच्या सुतारशेडमध्ये. तो मासेमारीची घसरगाडी दुरुस्त करत होता. मी सगळं सांगितलं आणि वर म्हटलं की मी विचारलं हे कुणाला सांगू नकोस. त्याने शेगडीत एक लाकूड घातलं. त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लाकूड ओलं असतं या दिवसांत."

"म्हणजे नाही?"

"बघू."

मी समजले की नाही. मग गेले अग्निशमनच्या शेडमध्ये. तिथली प्रमुख शेली गाडीखाली आडवी होती, नुसते बूट दिसत होते. बुटांना मी सगळं सांगितलं. बूट म्हणाले, "आमच्याकडे नुसते पाइप आहेत, मावशी." मग फादर गान्यों. ते म्हणाले, "प्रार्थना करू या." धर्मगुरूने असं म्हटलं की माणसाने टोपी घालून निघावं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तिघांनाही मी बजावलं की कुणाजवळ बोलू नका.

शेवटी धीर करून वर्नाकडे गेले. तिला सगळं खरं सांगितलं, मी मागणं बदललं इथपासून. वर्ना तेव्हा आलेल्या बॅगा नंबरवार लावत होती. तिने मान वर केली नाही. "नियम म्हणजे नियम, अडेल. बॅगेत मावलं पाहिजे. बावीस वर्षं मी कुणाचा सायकलीचा हट्ट पुरवला नाही." आणि मग, मी दारापर्यंत गेल्यावर, "तिची खोली किती रुंद आहे म्हणालीस?" मला वाटलं, ती माझ्या मूर्खपणाचं माप घेते आहे.

ताई, ज्या बाईने फिनिश माणसाबरोबर चौतीस वर्षं संसार केला तिला हे कळायला नको होतं? माझ्या एइनोला मी लग्नाचं विचारलं तेव्हा तो सरोवराकडे बघत म्हणाला होता, "बघू." आणि मग मरेपर्यंत बघत राहिला, एक दिवसही दुसरीकडे बघितलं नाही. इथे कुणी कुणाला 'हो' म्हणत नाही. 'हो' म्हणणं म्हणजे फुशारकी, आणि करून न झालं तर लाज. हे मला ठाऊक होतं. पण पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला की ठाऊक असलेलं सगळं विसरतं माणूस.

म्हणून मी स्वतःच पलंग घेतला. मोठ्या गावातल्या दुकानातून, चार सपाट खोक्यांत. मंगळवारी तो आला आणि मी ठरवलं की आधी आपल्या घरी जोडून बघावा, म्हणजे गुरुवारी मार्लिसकडे फजिती नको. जागा होती ती शिवणाच्या खोलीत. सोबतच्या पुस्तिकेत शब्द एकही नव्हता, नुसता एक गोल डोक्याचा माणूस आणि बाण. तो माणूस पहिल्या पानावर हसत होता, नवव्या पानापासून त्याचं तोंड दाखवायचं बंद केलं होतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी शिडी आतल्या बाजूने बसवली. ती काढायला गेले तर त्या वाकड्या किल्लीने बोल्टांची डोकी झिजून गुळगुळीत झाली. सहा बोल्टांची. (माझा एइनो असता तर त्याने 'हं' म्हणून पाना आणला असता.) बुधवारी संध्याकाळी पलंग उभा राहिला, भक्कम, देखणा, हलवून हलत नाही असा. मी आनंदाने तीन पावलं मागे आले आणि तेव्हा दाराकडे पाहिलं. पलंग दाराच्या दीडपट होता. सुटत नव्हता आणि निघत नव्हता. मी खालच्या पलंगावर बसले आणि, तुला म्हणून सांगते, रडले. पर्लसाठी रडले, आणि थोडी त्या बोल्टांसाठी.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मी मार्लिसकडे चालत निघाले. हातात केक, तोंडात कबुलीजबाब. टेसाला सांगायचं होतं की चूक तिची नाही, मागणं बरोबर होतं, लिहिणारी बाई शहाणपणा करायला गेली. वळणावरून बघते तर मार्लिसच्या गल्लीत गाड्यांची रांग. पुढे आर्विडची, हौद्यात पिवळ्या बर्चच्या लाकडाचा पलंग, रंधा मारलेला, कडा गोल केलेल्या. (लाकूड ओलं, म्हणे!) तिच्यामागे अग्निशमनची लाल गाडी, वर पाण्याच्या पाइपांचा पलंग, शिडीसुद्धा खऱ्या शिडीची. तिच्यामागे फादर गान्योंची जुनी गाडी आणि टपावर बांधलेला मठातला लोखंडी पलंग. मठातल्या मोठ्या सिस्टरांसारखा काळाकुट्ट, पण दुमजली. आणि केनी कॉफीचा मग धरून पायरीवर उभा, पाठ वाकडी, तोंड उघडं.

आणि ताई, मग सुरू झालं इथलं सौजन्य. आर्विड म्हणाला, "शेलीचा लावा, तो मजबूत आहे." शेली म्हणाली, "छे, काकांचा लाकडी आहे, पोरींना ऊब." फादर म्हणाले, "माझा राहू दे, त्याच्यावर झोपून मलाच वाईट स्वप्नं पडायची." आर्विड म्हणाला, "माझ्यात एक गाठ आहे लाकडात." असा वीस मिनिटं प्रत्येक जण आपल्या पलंगाची निंदा करत बर्फात उभा. दहाला दहा मिनिटं होती. घरात पलंग शून्य, अंगणात तीन. मी मध्ये पडले, "अहो, कुणाचा तरी आत न्या!" तर सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी जेवणात पहिला घास घेतला.

तेवढ्यात वर्नाची गाडी आली. ती उतरली, मागचं दार उघडलं आणि एक बॅग काढली. किराण्याची. मग दुसरी. मग तिसरी. चौदा बॅगा. प्रत्येकीवर सतरा नंबर. एकीत पाय, एकीत फळ्या, एकीत बोल्ट, पुड्या करून, पुडीवर आकडे. तिच्या दोन मुलांचा पलंग होता तो, आता ती दोघं बाहेरगावी असतात. तिने करवतीने फळ्या कापल्या होत्या आणि जोडायला पट्ट्या लावल्या होत्या. "नियमाप्रमाणे," वर्ना कुणाकडेही न बघता म्हणाली, "बॅगेत मावतं."

टेसा इतका वेळ खिडकीत होती. ती बाहेर आली, बूट न घालता. चौघांचे चार पलंग बघितले. मग वर्नासमोर उभी राहिली. "तुम्ही तुकडे करून आणला."

"पलंग तुकड्यांचेच असतात," वर्ना म्हणाली. (पेस्टीच्या टेबलामागे त्या दिवशी ती उभी होती, ताई. सगळं ऐकलं होतं तिने.) "बूट घाल आधी."

मग कुणी निंदा केली नाही. आर्विडने पाना काढला, शेलीने फळ्या धरल्या, फादर पुड्यांवरचे आकडे ओरडून सांगत होते, केनी पाठ धरून सगळ्यांना चुकीच्या सूचना देत होता. मिस प्रुइट दहाला पाच मिनिटं कमी असताना आल्या, आणि दहा वाजून दहा मिनिटांनी टेसाच्या खोलीत दुमजली पलंग उभा होता. एका फळीवर वर्नाच्या धाकट्याने चाकूने कोरलेलं एक चित्र होतं, ते मी सांगणार नाही, पण ते भिंतीच्या बाजूला वळवलं. मिस प्रुइटनी पलंग हलवून पाहिला, दार उघडून-मिटून पाहिलं, आणि वहीत काही लिहिलं. टेसा त्यांच्या पेनकडे बघत होती. "शनिवारी," मिस प्रुइट म्हणाल्या. एवढंच. मार्लिस स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

मग मिस प्रुइट अंगणात आल्या आणि उरलेल्या तीन पलंगांकडे बघत उभ्या राहिल्या. सावकाश म्हणाल्या की आणखी तीन घरं आहेत त्यांच्या वहीत, पलंगावाचून अडलेली. दुपारी जेवणापर्यंत ते तीनही पलंग वाटेला लागले, पुढे लाल गाडी, दिवे लावून. शेली म्हणाली की हे नियमात बसतं, आणि वर्नाने ऐकलं नाही असं दाखवलं.

आणखी एक. सगळ्यांनी पलंग आणले, पण चादर कुणालाच सुचली नव्हती. ते उधळणाऱ्या घोड्यांचे दोन जोड तेवढे घरात होते. केनी म्हणाला, "बघा, अडेलबाईंनी आधीच ओळखलं होतं." पण टेसाने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला हिशेब पक्का आहे. चादरी कामी आल्या ते वेगळं, मी तिचं मागणं बदललं ते वेगळं.

शनिवारी पर्ल आली. एवढीशी, गुलाबी टोपीत. खालचा पलंग तिचा हे टेसाने दाखवलं, तर ती थेट शिडीने वर चढली आणि उतरायचं नाव घेईना. टेसा खाली झोपते, आणि मार्लिस सांगते की हात वर करून फळीला लावून झोपते. वर्नाचं मी काय कौतुक करू? बावीस वर्षं ती गुपचूप असं काय काय कापून बॅगांत घालत आली असेल, कुणाला माहीत. मी तिला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "तुझं कार्डांचं अक्षर चांगलं आहे. पुढच्या वर्षी फक्त वळणदार लिही, शहाणपणाचं नको."

मेव्हण्यांना नमस्कार. निवडुंगावरचे दिवे आता उतरवले असतील.

तुझी,
अडेल

ता. क. शिवणाच्या खोलीतला पलंग अजून तिथेच आहे. आर्विड येऊन बघून गेला. भिंत पाडल्याशिवाय निघणार नाही म्हणाला. मी विचारलं, पाडशील का? तो म्हणाला, "कशाला?" आणि बाईसाहेबांना आणून दाखवला. बाईसाहेब म्हणजे मिस प्रुइट. त्यांनी हलवून पाहिला. शिडी आतल्या बाजूने का आहे विचारलं. मी म्हटलं, सुरक्षिततेसाठी.

दुसरा ता. क. सोबत एक फॉर्म जोडला आहे. मूल सांभाळायला घ्यायचं तर काउंटीला तीन माणसांची शिफारस लागते, आणि त्यात एक अर्जदाराला लहानपणापासून ओळखणारा नातेवाईक हवा. वर्ना आणि फादर यांनी दिली आहे. नातेवाईक तू एकटीच उरली आहेस. वीस तारखेपर्यंत पोचला पाहिजे. प्रश्न नऊ : 'अर्जदार कधी रागाच्या भरात कुणाशी कठोर वागली आहे का?' ताई, मी तुला बटाट्याच्या तळघरात कोंडलं ते लिही, कारण खोटं लिहायचं नाही. पण हेही लिही की मी सात वर्षांची होते, तू माझ्या बाहुलीचे केस कापले होतेस, आणि पाच मिनिटांत मी स्वतःच आत येऊन तुझ्याजवळ बसले होते, कारण तुला अंधाराची भीती वाटेल असं मला वाटलं. (तुला वाटत नव्हती. मला वाटत होती.)

तिसरा आणि शेवटचा ता. क. प्रश्न सोळाखाली रिकाम्या ओळी आहेत : 'या घरात मूल सुखाने राहील असं आपल्याला वाटतं का, आणि का?' ती खोली एइनोने मुळात शिवणासाठी बांधली नव्हती, हे तुझ्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही. मी तिथे पेन्सिलीने, फार सुंदर अक्षरात, एक उत्तर लिहून पाहिलं होतं. मग पुसलं. तू तुझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिही, शाईने. जे लिहिशील ते तसंच पाठवीन, एक अक्षरही सुधारणार नाही.